लायनर नवे, तरी ब्रेक ऑइल कमी : एका विझलेल्या लाल दिव्याचं प्रकरण

मॅडम गॅरेजवर आल्या तेव्हा मीटरवर ब्रेकचा दिवा लागलेला नव्हता. त्यांना काळजी त्याचीच होती.

"दोनदा लागला, दोनदा त्यांनी घालवून दिला. आता आठवडा झाला, लागत नाही. पण पेडल आधीपेक्षा खाली जातंय असं मला वाटतं. परवा गणपतीला चिपळूणला जायचंय, बरोबर आई आहे. तुम्ही एकदा बघून द्या."

शाळेत शिकवणाऱ्या बाई. बोलणं मुद्द्याचं. असं गिऱ्हाईक आलं की मी आधी सगळं ऐकून घेतो, कारण निम्मं निदान तिथेच होतं. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किलोमीटर चाललेली. पुढे डिस्क ब्रेक, म्हणजे फिरत्या तबकडीला पॅड दोन्हीकडून दाबतात; मागे ड्रम ब्रेक, म्हणजे फिरत्या डब्याला लायनर आतून घासतात. सोळा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात पुढचे पॅड आणि मागचे लायनर एकदमच बदलले होते. सहाव्या दिवशी वळणावर लाल दिवा लुकलुकायला लागला. तिथे नेली, त्यांनी ऑइल भरून दिलं, दिवा गेला. दहाव्या दिवशी पुन्हा लागला, या वेळी कायमचा. परत नेली. "हँडब्रेकचा स्विच आहे, सेट केला," असं सांगून गाडी परत दिली. त्यानंतर दिवा लागलाच नाही.

कराडहून चिपळूणला जायचं म्हणजे पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता, पण ब्रेकची खरी परीक्षा घाट उतरून पोफळीला पोचेपर्यंतच. भाद्रपदातला पाऊस, धुकं, समोरून एसटी आणि ट्रक. तिथे पेडल पहिल्याच दाबात वर मिळालं पाहिजे.

या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं, ही त्याआधीची. एबीएस असलेल्या गाडीत लाल दिव्याबरोबर पिवळा एबीएसचा दिवाही लागला, तर मी आधी स्कॅनर लावतो आणि चाकाजवळच्या सेन्सरच्या वायरी बघतो, कारण पॅड बदलताना ती वायर क्लिपमधून सुटलेली किंवा ताणलेली बऱ्याचदा सापडते. इथे तो प्रश्न नव्हता. इथे लाल दिव्याला दोनच मालक होते. एक हँडब्रेकच्या दांड्याखालचा छोटा स्विच, दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीतला तरंगा. दिव्याला बॅटरीचा प्लस असतोच. या दोघांपैकी कोणीही अर्थ, म्हणजे मायनस, दिला की तो पेटतो. डबीतल्या तरंग्यात लोहचुंबक असतं. पातळी उतरली की तरंगा खाली येतो आणि चुंबकामुळे तळाशी असलेला बारीक स्विच जुळतो. एकाच दिव्यावर दोन निरोप येतात, आणि दिवा बघून कोणता आला ते कळत नाही. ब्रेकच्या कामानंतर होणारे बरेच गोंधळ इथूनच सुरू होतात.

चावी फिरवली, हँडब्रेक ओढला, दिवा लागला. सोडला, विझला. म्हणजे बल्ब शाबूत आणि हँडब्रेकचा स्विचही काम करतोय. मग बॉनेट उघडलं.

डबीतली पातळी मिनच्या, म्हणजे किमान पातळीच्या, रेघेखाली होती, चांगली बोटभर. अशा वेळी दिवा लागायलाच हवा होता. डबीखाली हात घातला तर कपलर, म्हणजे वायरींचा जोड, हाताला मोकळा लागला. तरंग्याचा दोन वायरींचा कपलर काढून बाजूच्या वायरिंगला टेपने बांधून ठेवला होता. कोणी मुद्दाम काढला, की तपासताना काढला आणि परत लावायचा राहिला, हे मी सांगू शकत नाही. तपासण्यासाठी कपलर काढणं बरोबरच आहे, मीही तेच करतो. तो काढल्यावर दिवा विझला तर दोष डबीच्या बाजूला आहे, एवढंच सिद्ध होतं. दुरुस्ती तिथून पुढे सुरू होते. मी कपलर लावला आणि मॅडमना चावी फिरवायला सांगितली.

"लागला," त्या आतून म्हणाल्या.

दिवा दोन्ही वेळा खरंच सांगत होता.

आता या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, उडून जात नाही. ती बंद यंत्रणा आहे. डबीतली पातळी उतरायची कारणं मुळात दोनच. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन थोडा बाहेर येऊन बसतो, त्याच्यामागची जागा वाढते आणि तेवढं ऑइल डबीतून खाली जातं. हे झिजेचं कारण. दुसरं कारण गळती. जुन्या पॅडवर चालणाऱ्या गाडीत दिवा लागला तर दोन्ही शक्यता असतात, आणि बऱ्याचदा झीजच निघते. पण पॅड आणि लायनर नुकतेच बदलले असतील तर झिजेची शक्यता संपली. काम झाल्यावर पहिल्या दोन-चार दाबांत सगळं जागेवर बसताना पातळी जरा हलते, पुढे ती स्थिर राहिली पाहिजे. सहाव्या दिवशी ऑइल भरलं आणि दहाव्या दिवशी पुन्हा दिवा लागला, याला गळतीशिवाय दुसरं उत्तर नाही. ऑइल भरून दिवा घालवणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवणं.

आणखी एक पुरावा बॉनेटखालीच होता. डबीच्या खालच्या पत्र्यावर तळहाताएवढ्या भागात रंगाला फुगे आले होते आणि नखाने पापुद्रा निघत होता. ब्रेक ऑइल रंग खातं. जुने पॅड झिजलेले असताना आधी कोणीतरी डबी काठोकाठ भरली असणार. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे दाबले तेव्हा ते ऑइल डबीत परत आलं आणि ओसंडून पत्र्यावर सांडलं. म्हणजे कामाच्या दिवशी डबी भरून वाहत होती. तिथून मिनच्या खाली, आणि मध्ये एकदा भरलेलंही गेलं.

गेलं कुठे?

पावसाच्या दिवसांत हे शोधणं अवघड असतं. चारही चाकं आतून ओली, चिखलाने माखलेली, सगळीकडे सारखाच ओघळ. माझा पहिला संशय मास्टर सिलिंडरवर गेला. पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो हा. तो बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, जिथे जोडलेला असतो तिथे बोटाला ओल लागली. तिथली गळती फसवी असते. ऑइल मागे बूस्टरच्या पोटात जातं आणि बाहेर थेंब दिसत नाही. पण वर एवढं सांडलेलं असताना ती ओल त्याचीही असू शकत होती. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, म्हणून तो भाग पाण्याने धुतला, हवा मारून कोरडा केला आणि पंधरा मिनिटं थांबलो. मग इंजिन चालू करून पेडल दाबून मिनिटभर धरलं. पेडल जिथे थांबलं तिथेच राहिलं, हळूहळू खाली गेलं नाही. जोड कोरडा. मास्टर सिलिंडर संशयातून सुटला.

मॅडमची पेडलची तक्रार मात्र खरी होती. पहिल्या दाबात पेडल खाली जायचं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर मिळायचं. हे लक्षण बहुतेक वेळा मागच्या ड्रमकडे बोट दाखवतं.

चाकं काढण्याआधी एक गोष्ट तपासली. मध्ये भरलेलं ऑइल कोणतं होतं? आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो, मीही म्हणतो, पण ते तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलची द्रव्यं आहेत. ब्रेकमधली रबरं त्यांच्यासाठीच बनवलेली असतात. त्यात चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल पडलं तर रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते. तपास सोपा आहे. डबीतून ड्रॉपरने थोडं काढून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडलं. ते पाण्यात मिसळून गेलं, वर तवंग आला नाही. भरणाऱ्याने भरताना चूक केली नव्हती, एवढं समाधान.

उजवं मागचं ड्रम काढलं. आत कोरडी करडी धूळ, लायनर नवे, स्प्रिंगा जागच्या जागी. बसवणाऱ्याचा हात चांगला होता.

डावं ड्रम काढलं. वरच्या अर्ध्या भागात धूळ कोरडीच होती. खाली, प्लेटच्या बुडाशी, तीच धूळ काळी आणि चिकट झाली होती, दातवणासारखी. नव्या लायनरच्या खालच्या टोकाला गडद डाग होता. बोट लावून अंगठ्याशी चोळलं. पाणी चोळलं की उडून जातं, हे बुळबुळीत राहिलं. मग व्हील सिलिंडरच्या डाव्या टोकाचं रबरी बूट स्क्रू ड्रायव्हरच्या पातळ पात्याने जरा उचललं, आणि त्याच्या घडीत साठलेलं ऑइल पात्यावरून ओघळून माझ्या मनगटापर्यंत आलं. चहाच्या रंगाचं.

मॅडम मागेच उभ्या होत्या. "पण तो सिलिंडर तर त्यांनी बदललाच नव्हता," त्या म्हणाल्या. "लायनर बदलायच्या आधी तर काही गळत नव्हतं."

बरोबर प्रश्न होता. याचं उत्तर कळलं की प्रकरण कळलं. मी सिलिंडर काढून बाकावर खोलला आणि त्यांना दाखवला.

व्हील सिलिंडर म्हणजे बोटभर लांबीची नळी. आत दोन पिस्टन, प्रत्येकाच्या मागे एक रबरी वॉशर, मध्ये स्प्रिंग. लायनर झिजत जातात तसा त्यांना ड्रमच्या जवळ ठेवणारा ॲडजस्टर लांबतो आणि दोन्ही पिस्टन आपल्या जागेवरून थोडे थोडे बाहेर सरकून बसतात. दहा वर्षांत वॉशर नळीच्या बाहेरच्या पट्ट्यातच मागेपुढे होत राहिले. तो पट्टा घासून घासून आरशासारखा राहिला. आतला पट्टा मात्र वर्षानुवर्षं नुसता ऑइलखाली पडून होता. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. पाणी यंत्रणेत येतं, गंज धरतो, गाळ सगळ्यात खालच्या जागी म्हणजे चाकाच्या सिलिंडरमध्ये बसतो. मॅडमना गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे आठवत नव्हतं, आणि त्याचा रंग बघता कधीच बदललं नसावं. अनेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

नवे जाड लायनर बसवताना पिस्टन आत ढकलावेच लागतात. त्याबरोबर वॉशरही त्या न वापरलेल्या पट्ट्यात गेले. मी नळी पुसली, उजेडाकडे धरली आणि मॅडमना नख फिरवून बघायला सांगितलं. बाहेरच्या भागावरून नख सरळ गेलं. आत गेल्यावर अडकलं. तीन-चार बारीक खड्डे होते, टाचणीच्या टोकाएवढे. त्यांच्यावरून रोज शेकडो वेळा जाऊन वॉशरची कड फाटली होती.

मग पेडल धरून बघितलं तेव्हा ते खाली का गेलं नाही? कारण या वॉशरची कड कपासारखी असते. दाब आला की ती फाकून नळीला घट्ट चिकटते. जोरात ब्रेक दाबला तेव्हा ती तग धरत होती. दाब सोडला, गाडी दारात उभी राहिली, की रात्रभर थेंब थेंब जात होतं. म्हणून टेस्ट मारून अशी गळती सापडत नाही. पहिल्या गॅरेजातल्यांनी टेस्ट मारली असेल, ब्रेक लागला असेल, आणि त्यांना सगळं ठीक वाटलं असेल.

गाडी मी त्या दिवशी त्यांना घरी नेऊ दिली नाही. मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे भाग असतात. या गाडीत एका भागाकडे पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक, दुसऱ्याकडे उरलेली दोन. डावं मागचं रिकामं झालं असतं तर पुढचं उजवं त्याच्याबरोबर गेलं असतं. उरला असता अर्धा ब्रेक, तोही पेडल पार खाली गेल्यावर. गावातल्या रस्त्यावर त्यातूनही माणूस निभावून नेतो. कुंभार्लीच्या उतारावर, गाडीत तीन माणसं आणि गौरी-गणपतीचं सामान असताना, मला ते डोळ्यासमोर आणवत नव्हतं.

काम असं केलं. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर नवे घातले. उजवा गळत नव्हता, पण तोही तेवढ्याच वयाचा आणि तेच ऑइल प्यालेला. नुसतं रबर किट टाकून भागवता आलं असतं असं काही जण म्हणतील, पण खड्डे पडलेल्या नळीत नवा वॉशरही फाटतोच. लायनरचा पूर्ण मागचा सेट बदलला. यावर मॅडम थोड्या नाराज झाल्या, सोळा दिवसांचे लायनर टाकून द्यायचे म्हणून. पेट्रोलने धुऊन चालणार नाही का, असं त्यांनी विचारलं. लायनर ऑइल पितो. वरून धुतलं तरी तापला की आतलं पुन्हा वर येतं, आणि मग एक चाक नीट पकडत नाही किंवा झटक्याने पकडतं. शिवाय ड्रममध्ये पेट्रोल गेलं तर ब्रेकच्या रबरांची वाट लागते. एकाच बाजूचा बदलला तर दोन चाकांची पकड सारखी राहत नाही. त्यांना पटलं.

मग जुनं सगळं ऑइल काढून सीलबंद डब्यातलं नवं डॉट ४ भरलं. डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं होतं. त्याच्या जागी डॉट ४ चालतं, आणि त्याचा उत्कलनबिंदू जास्त असतो. कोरड्या अवस्थेत डॉट ३ ला किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ ला २३०. ओल शोषल्यावर तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटात ब्रेक सतत दाबून तापले की ऑइल उकळून पेडल मऊ पडू शकतं, तिथे हा फरक जाणवतो.

एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढताना माझा हेल्पर आत बसला होता. "दाब... धर... सोड." पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवला होता, पेडल तळाला टेकू नये म्हणून. इतक्या वर्षांच्या गाडीत मास्टर सिलिंडरचंही हेच दुखणं असतं. त्याचे वॉशर रोज जिथे जात नाहीत तिथे, तळापर्यंत, जोराने नेले तर तेही गंजलेल्या पट्ट्यात जाऊन फाटतात. एक सिलिंडर दुरुस्त करताना दुसरा घालवायचा नव्हता. शेवटच्या निप्पलमधून स्वच्छ, फिकट पिवळं ऑइल बुडबुड्याशिवाय आलं तेव्हा थांबलो.

डाव्या ड्रमचा ॲडजस्टर पहिल्या कामात ढिला राहिला होता, पेडल खाली जायचं ते त्यामुळे. आधी दोन्ही लायनर सेट केले आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेकची केबल. हा क्रम उलटा केला तर केबल लायनरला ओढून धरते आणि ॲडजस्टरला काम करू देत नाही. हँडब्रेकच्या स्विचची पट्टी कोणीतरी वाकवली होती, दांडा तीन खटके वर आल्यावर दिवा लागायचा. पट्टी सरळ केली. आता पहिल्या खटक्याला लागतो.

तरंग्याचीही परीक्षा घेतली. डबीचं झाकण काढून स्वच्छ प्लॅस्टिकच्या काडीने तो खाली दाबला. दिवा लागला. सोडला, तरंगा वर आला, दिवा विझला. जुन्या डबीत गाळामुळे तरंगा अडकून बसतो, मग ऑइल भरलं तरी दिवा जात नाही, किंवा ऑइल संपलं तरी लागत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट.

संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर बारा-पंधरा वेळा ब्रेक मारून गाडी परत आणली. पातळी जिथे होती तिथे डबीवर पांढऱ्या टेपची बारीक पट्टी लावली, वरची कड बरोबर ऑइलच्या रेघेवर. मागच्या दोन्ही चाकांखाली कोरडे पुठ्ठे सरकवले आणि गाडी रात्रभर गॅरेजात ठेवली. ही गळती उभ्या गाडीत होत होती, तेव्हा परीक्षाही उभ्या गाडीचीच. सकाळी शटर उघडून आधी पुठ्ठे ओढून बघितले. कोरडे. ऑइल पट्टीच्या कडेला.

त्याच दिवशी पहिल्या गॅरेजवाल्याला फोन केला. मॅडमना आधी विचारलं, त्या "सांगा" म्हणाल्या. तो माझ्यापेक्षा बराच लहान. भांडणाच्या तयारीने आला होता. मी काही न बोलता सिलिंडर त्याच्या हातात दिला आणि नख फिरवायला सांगितलं. तो बराच वेळ नळीत बघत होता.

"बूट उचलून बघायला पाहिजे होतं, दादा," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की आत ढकलल्यावर फाटणार हे त्या दिवशी बूट उचलूनही दिसलं नसतं. दिसलं असतं सहाव्या दिवशी, दिवा लागला तेव्हा. कपलरबद्दल विचारलं तर म्हणाला, पोराने तपासायला काढला होता, गर्दीत लावायचा राहिला. गणपतीच्या आधीचा आठवडा सगळ्याच गॅरेजांना कसा असतो ते मला माहीत आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला. तरीही त्याला स्पष्ट सांगितलं की ब्रेकचा कपलर काढला तर गाडीची चावी आपल्या खिशात ठेवायची, कपलर परत लागेपर्यंत ती गिऱ्हाइकाच्या हातात जाता कामा नये. त्याने मॅडमना लायनरचे पैसे परत केले. तो जुना सिलिंडर त्याने मागून नेला.

मॅडम ठरल्या दिवशी निघाल्या. विसर्जनानंतर परत आल्यावर गाडी घेऊन आल्या, बॉनेट त्यांनीच उघडलं आणि वाकून डबीकडे बघितलं. ऑइल पांढऱ्या पट्टीच्या वरच्या कडेला होतं, तसूभरही खाली नाही.

"ही पट्टी काढू का आता?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढच्या सर्व्हिसला मी बघतो."